शेवग्यावरचा शिंजीर आणि नवसाचे फोटो
वाचकांचे प्रश्न, फोटोवाल्याची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की, फोटो काढणं हीसुद्धा एक प्रार्थना होऊ शकते. तेवढ्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. काहींना ते फार आवडलं, काहींना राग आला. एका गृहस्थांनी कळवलंय, ‘लग्नाच्या अल्बमला जादा पैसे लावणाऱ्यांनी प्रार्थनेच्या गोष्टी सांगू नयेत.’ बेळगावच्या शहापुरात स्टुडिओ चालवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे या टोमण्याला माझ्याकडे उत्तर नाही. बाकीच्यांना देतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, निपाणीत एकटीच राहते. हे जाऊन दोन वर्षं झाली. मुलीनं पुण्याहून चांगला फोन पाठवलाय. सकाळची पूजा, जप चालू आहे, पण माळ हातात असते आणि मन गॅस सिलिंडरपासून मुलीच्या नोकरीपर्यंत सगळीकडे फिरून येतं. आमच्या मागच्या दारी शेवगा आहे. त्याच्या फुलांवर एक इवलासा काळा पक्षी येतो. त्याचा फोटो काढायला उभी राहिले की अर्धा तास कुठे गेला कळत नाही. तेवढा वेळ हे गेल्याचंसुद्धा आठवत नाही, आणि नंतर त्याचंच वाईट वाटतं. माझी जाऊ म्हणते, देवघर सोडून झाडाखाली उभं राहायचं ही पळवाट आहे. तुम्ही याला प्रार्थना म्हणाल का?

उत्तर : ताई, आधी त्या पक्ष्याचं बघू. तो काळा नाही. तुमच्या वर्णनावरून तो जांभळा शिंजीर दिसतोय, आणि तोही नर. तुम्ही घराच्या दारातून बघता, त्याच्या मागे उजळ आभाळ असतं, म्हणून तो काळा दिसतो. उद्या सकाळी ऊन तुमच्या पाठीवर येईल अशा बाजूला जाऊन उभ्या राहा आणि तो मान वळवेपर्यंत थांबा. गळ्यावर एकदम जांभळी झाक पेटेल, पाठीवर निळसर हिरवी, आणि तो किंचित हलला की सगळं विझून पुन्हा काळं. हा रंग पिसांत भरलेला नसतो. पिसांच्या बारीक तंतूंमध्ये अतिसूक्ष्म थर असतात, त्यांच्यावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि रंग दिसतो. साबणाच्या फुग्यावर दिसतात ना, तसाच प्रकार. म्हणजे हा रंग बघायचा तर पक्षी, सूर्य आणि तुम्ही, तिघंही आपापल्या जागी असायला हवं. तुम्ही नुसत्या चार पावलं सरकलात तरी दुसराच पक्षी दिसेल.

फोनवर त्या पक्ष्यावर बोट टेकवा. बाजूला सूर्याची खूण येते, ती खाली ओढा म्हणजे उजेड कमी होईल आणि चमक धुऊन जाणार नाही. बोटांनी फार मोठं करू नका, चित्र फाटतं. रोज एकाच जागी, जमलं तर एकाच रंगाच्या साडीत उभ्या राहा. आठवडा-दोन आठवड्यांत तो तुमची दखल घेणं सोडून देईल आणि हातभर अंतरावर येईल. विणीचा हंगाम संपला की नराची ही चमक जाते. तो मादीसारखा मळकट पिवळा होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टी तेवढी उरते. तेव्हा ‘माझा पक्षी गेला’ म्हणून खंतावू नका. घरटं दिसलं, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेली, कचरा लोंबकळतोय असं वाटणारी छोटी पिशवी दिसली, तर लांब राहा. फोटोसाठी समोरची फांदी छाटणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी कॅमेरा विकून टाकावा असं माझं मत आहे.

आता प्रार्थनेचं. मन लागलं म्हणजे प्रार्थना झाली, असं मी म्हणणार नाही. मन पत्त्यांच्या डावातही लागतं. आमच्या गल्लीत रमी खेळणाऱ्यांचं मन इतकं लागतं की घरी पाहुणे आलेत हे सांगायला पोराला तीनदा यावं लागतं. मी वेगळं बघतो. आपल्याकडे देवाकडे जायच्या दोन रिती आहेत. नवस बोलायचा, म्हणजे अमुक होऊ दे, मी तमुक करीन. आणि वारी करायची. वारकरी आषाढीला पंढरपूरला जातो तो काही मागायला जात नाही. गेल्या वर्षी गेला होता, म्हणून यंदाही जातो. विटेवर तोच, वाट तीच, दिंडीचे मुक्काम तेच. दर्शन लांबून झालं, नुसत्या कळसाचं झालं, तरी वारी पुरी होते. फोटोचंही तसंच आहे. ‘पक्ष्या ये, उजेडात बस, चोच फुलात घाल आणि माझा फोटो झकास येऊ दे’ हा नवस झाला. पक्षी येवो न येवो, सकाळी साडेसातला शेवग्याखाली मी असणार, ही वारी. तुम्ही कुठल्या बाजूला आहात हे पक्षी न आलेल्या दिवशी तुमचं तुम्हालाच कळेल. चिडचिड झाली तर नवस. शेवग्याच्या फुलाला पाच पाकळ्या आहेत आणि त्यातल्या चार मागे वळल्यात, हे त्या दिवशी दिसलं तर वारी.

जाऊबाईंना सांगा, देवघर सोडायचं नाही. पूजा आटोपायची आणि मग मागच्या दारी जायचं. जपाची माळ खुशाल अडखळू दे, ती पहिल्यापासून सगळ्यांचीच अडखळते.

राहिलं तुमच्या ‘ह्यां’चं. तुम्ही लिहिलंय की अर्धा तास ते आठवत नाहीत. ते असते तर तो पक्षी दिसल्याबरोबर तुम्ही त्यांनाच हाक मारली असती, ‘अहो, इकडे या, हळू या’. मग आताही मारा. मनातल्या मनात मारलीत तरी पक्षी उडत नाही.

निपाणीत आहातच तर आणखी एक काम सांगतो. दिवाळीनंतर तंबाखूच्या शेतात, मालकाला विचारून, सकाळच्या तिरप्या उन्हात एका पानाच्या कडेला डोळा लावून बघा. पानभर बारीक लव असते आणि बहुतेक केसांच्या टोकाला चिकट थेंब. त्यात एखादं चिलट अडकलेलं असतं. ज्या पानावर अख्खं गाव जगलं ते इतक्या जवळून बघितलेले निपाणीकर मला फार भेटलेले नाहीत. शेतात राबणाऱ्या बायका सोडून. त्यांच्या हाताला तो चीक रोजच लागतो.

प्रश्न : मी खानापूरचा, वय चोवीस. दर रविवारी आम्ही मित्र गाड्या काढून आंबोली, चोर्ला, तिलारी, वज्रपोहा असं फिरायलोय. कॅमेरा हप्त्यावर घेतलाय. खरं माझे फोटो बाकीच्यांसारखेच येतात बघा. धबधबा, धुकं, वळणाचा रस्ता. आता नवी लेन्स घेऊ की नवीन स्पॉट शोधू?

उत्तर : आधी हप्ते फेड. लेन्सही घेऊ नकोस आणि स्पॉटही शोधू नकोस. वर निपाणीच्या बाईंना लिहिलंय ते वाच, तू पक्का नवसवाला आहेस. तू आंबोलीला जातोस ते आधी कुणाच्या तरी फोनवर पाहिलेला फोटो पुन्हा काढायला. मग तो त्यांच्यासारखा आला तर तक्रार कसली?

तुझ्या घरापासून जांबोटी-कणकुंबीची वाट किती लांब आहे? त्या बाजूला जांभ्याचे सडे आहेत. काळा खडक, वर जेमतेम बोटभर माती. ऑगस्टच्या शेवटी तिथे एक जागा निवड, जेवायला बसायच्या चटईएवढी. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेव आणि पोटावर आडवा हो. कपडे भिजतील. निळी जांभळी, नखाएवढी फुलं दिसतील. आपल्याकडे त्यांना सीतेची आसवं म्हणतात. फूल नाजूक, पण खाली ओल्या मातीत त्याचा कारभार वेगळा चालतो. मुळांसारख्या धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. त्या आतलं पाणी बाहेर टाकून पोटं आत ओढून बसलेल्या असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या झाकणाजवळच्या केसाला लागला की झाकण उघडतं, पाण्यासकट तो जीव आत खेचला जातो आणि झाकण बंद. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास घडतं. तुझ्या हप्त्याच्या कॅमेऱ्याचं शटर बहुधा एवढं वेगवान असेल, पण तुझं बोट नाही. या सड्यावर नत्र जवळजवळ नसतंच, म्हणून झाडांना अशी शिकार करावी लागते. शेजारीच दवबिंदू नावाचं रोप सापडेल. त्याच्या तांबूस पानावर जे थेंब चमकतात ते दव नसतं, डिंक असतो. ऊन चढलं, खरं दव वाळलं, तरी ते थेंब तसेच राहतात. दहा वाजता जाऊन बघ.

त्याच चटईवर नोव्हेंबरात जा. फुलं संपलेली असतील, गवत पिवळं. एप्रिलमध्ये जा, तेव्हा दगड इतका तापलेला असेल की हात टेकवणार नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जा, त्याच दगडावर हिरवी बुरशीसारखी साय धरलेली असेल. वर्षभरानं ते फोटो ओळीनं लाव. तसले फोटो बाकीच्यांकडे नसतील, कारण त्या चटईवर बाकीचे आडवे झालेले नाहीत. आणि दगड परत जागच्या जागी ठेव, त्यांच्याखाली विंचू राहतात. उचलताना काठीनं उचल.

दोन गोष्टी दटावून सांगतो. पावसाळ्यात धबधब्याच्या काठावरचं शेवाळ कुणाची ओळख ठेवत नाही. वनखात्यानं बंदी घातली असेल तर मागच्या वाटेनं घुसायचं नाही. आणि तुझ्याच तालुक्यातलं एक मोठं नवल फोटो न काढण्यासारखं आहे. भीमगडच्या जंगलात बारापेडेच्या गुहा आहेत. तिथे राहणारं रॉटनचं वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं. फ्लॅश, टॉर्च, माणसांची बडबड यांनी वटवाघळं विस्कटतात, पिल्लं खाली पडतात. ते तिथे आहे, अंधारात उलटं लटकून नीट झोपलंय, एवढं ठाऊक असणं पुष्कळ झालं. सगळ्या देवांचे गाभारे उघडे नसतात.

प्रश्न : फोटोसाठी फोन पुरतो का? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : पुरतो. खिशातून काढल्यावर भिंग सदऱ्याच्या टोकानं पुसत जा. निम्मे ‘अध्यात्मिक धुक्याचे’ फोटो बोटाच्या तेलानं येतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. आमच्या मागाच्या शेडचा पत्रा जुना आहे. खिळ्यांची भोकं वाकडीतिकडी झालीत, एक तर चक्क तिकोनी आहे. पण दुपारी जमिनीवर उन्हाचे गोल गोल रुपये पडतात. भोक तिकोनी आणि रुपया गोल, असं कसं? बाबांना विचारलं तर म्हणाले, तो पत्रा बदलायचाय म्हणून सांगायचं काम होतं.

उत्तर : या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा. तो रुपया म्हणजे सूर्याचा फोटो आहे.

गंमत करून बघ. बाबांना विचारून स्टुलावर चढ, कुणाला तरी स्टूल धरायला सांग, आणि एक पांढरा कागद त्या तिकोनी भोकाच्या अगदी जवळ धर. कागदावर तिकोनी उजेड पडेल. कागद हळूहळू खाली आण. कोपरे बोथट होत होत तो गोल होईल. सूर्याच्या प्रत्येक भागातून आलेलं किरण त्या लहान भोकातून सरळ जातं. वरच्या भागातलं खाली पडतं, डाव्या बाजूचं उजवीकडे. असं मिळून जमिनीवर सूर्याचं उलटं चित्र तयार होतं. भोक लहान आणि जमीन लांब असली की भोकाच्या आकाराला काही किंमत उरत नाही. पत्रा दहा फुटांवर असेल, ऊन डोक्यावरून येत असेल, तर रुपया साधारण एक इंचाचा पडतो. पट्टीनं मोज. शेड जितकं उंच तितका रुपया मोठा. ऊन तिरपं असलं तर तो लांबट होतो, तेव्हा त्याची लहान बाजू मोज.

सूर्याकडे डोळे वर करून कधीच बघायचं नाही, पण रुपयाकडे हवं तेवढं बघ. विरळ ढग सूर्यावरून जात असला तर तो रुपयावरूनही जाताना दिसतो, फक्त उलट्या दिशेनं. 26 डिसेंबर 2019 ला सूर्यग्रहण झालं. मंगळूरकडे कंकणाकृती दिसलं, आपल्याकडे खंडग्रास. तू तेव्हा फार लहान असशील. त्या सकाळी लोक काळ्या काचा शोधत फिरत होते आणि मी चिंचेखाली मान खाली घालून उभा होतो. पानांच्या फटींतून पडणारे उन्हाचे ठिपके एरवी गोल असतात. त्या दिवशी सगळ्या अंगणभर चंद्रकोरी पडल्या होत्या, शेकड्यांनी, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. शेजारच्या आजी झाडून काढत होत्या. झाडू थांबवून त्यांनी आधी जमिनीला नमस्कार केला, मग मला विचारलं, ‘हे काय झालंय रे?’ तुला सांगितलं तेच मी त्यांनाही सांगितलं. ऐकून घेऊन त्यांनी पुन्हा नमस्कार केला. कारण कळल्यावर नवल कमी होतं असं ज्यांना वाटतं, त्यांना त्या आजी भेटायला हव्या होत्या.

तुमचं शेड म्हणजेच कॅमेरा आहे. अंधारी खोली आणि एक भोक, कॅमेरा मुळात तेवढाच. आमच्या डार्करूमच्या दाराला असंच एक भोक पडलं होतं. दुपारी समोरच्या भिंतीवर आख्खी गल्ली उलटी चालायची. चाकं वर असलेल्या सायकली, डोकं खाली केलेला कुल्फीवाला. पोरं रांग लावून बघायची. मात्र त्या उजेडानं माझे प्रिंटचे कागद काळे पडायला लागले, तेव्हा भोकावर इन्सुलेशन टेप लावावी लागली.

बाबांना म्हणावं, पत्रा जरूर बदला, पावसात सूत भिजतं. पण त्याआधी एका रविवारी माग बंद ठेवून शाळेतल्या पोरांना बघायला बोलवा.

प्रश्न : चिकोडी तालुक्यातून लिहितोय. आईचा सौंदत्तीच्या यल्लम्माचा नेम आहे, माघी पौर्णिमेला आम्ही जातो. यंदा मला जत्रेचे फोटो काढायचेत. भंडाऱ्याची उधळण, डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेल्या जोगतिणी, अंगात आलेल्या बाया. वडील माळकरी आहेत. ते म्हणतात, कॅमेरा घरी ठेव. तुम्ही तर फोटोला प्रार्थना म्हणता. मग वडिलांना समजावून सांगाल का?

उत्तर : नाही सांगणार. मी वडिलांच्या बाजूनं आहे, पूर्ण नसलो तरी बराचसा.

वर मी नवस आणि वारी अशी विभागणी केली, त्यावरून नवसाला मी कमी लेखतो असं समजू नकोस. सौंदत्तीच्या डोंगरावर जे येतात ते पोराच्या दुखण्यासाठी, जमिनीच्या तंट्यासाठी, पोटच्या गोळ्यासाठी आलेले असतात. ज्याच्या घरी दुखणं आहे त्यानं मागायचं नाही तर काय करायचं? ती बाई ‘उदं गं आई उदं’ म्हणत घुमते तेव्हा ती आणि देवी यांच्यात काहीतरी चाललेलं असतं. त्यात तुझी भिंगाची नळी कुठे बसते? ती परवानगी द्यायच्या अवस्थेत नसते आणि तू विचारायच्या घाईत नसतोस. म्हणून अंगात आलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही. यात मला सूट द्यावीशी वाटत नाही.

जोगतिणींचं त्याहून अवघड आहे. मुली देवीला सोडायच्या प्रथेनं कितीजणींची आयुष्यं गेली हे आपल्या भागाला सांगायला नको. कर्नाटकानं 1982 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. त्या बायकांचे चेहरे, कपाळभर भंडारा आणि डोळ्यांत पाणी, असे क्लोजअप बाहेरचे लोक येऊन घेऊन गेले, प्रदर्शनं भरवली. चेहरा ज्यांचा होता त्यांच्या हातात एक प्रिंटसुद्धा पडली नाही. तू त्या रांगेत उभा राहू नकोस.

मग काय काढायचं? पुष्कळ आहे. डोंगराखाली जोगुळभावीच्या पाण्यात आंघोळी करून निघालेल्यांची वाळत घातलेली लुगडी. कोल्हापूरकडून आलेल्या बैलगाड्यांची सुटलेली जुवं आणि त्यांना टेकून झोपलेली पोरं. तीन दगडांची चूल, तिच्यावर नैवेद्याचं भांडं, त्याच्या बुडाची काजळी. पायऱ्यांच्या खाचांत साचलेला भंडारा. पहाटे त्यावर पहिली पावलं उमटतात, ती बघ. माणसाचा फोटो हवा असेल तर आधी बसायचं, चहा प्यायचा, कुठल्या गावचे विचारायचं आणि मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवायचं. ‘ब्याड्री’, म्हणजे कानडीत ‘नको हो’, म्हणाले की हसून कॅमेरा पिशवीत. ‘हं’ म्हणाले तर एक फोटो काढायचा आणि पत्ता लिहून घ्यायचा. महिन्याभरात पोस्टकार्ड साइज प्रिंट पोचली पाहिजे. आईच्या ओळखीनं जाणारी माणसं दरवर्षी तिथेच उतरत असतील, तर पुढच्या माघीला स्वतःच्या हातानं दे. गाभाऱ्यात कॅमेरा नकोच, पाटी असो नसो.

एक धंद्यातली सूचना. भंडारा फार बारीक असतो, भिंगाच्या खाचेत शिरला की रिंग करकरायला लागते. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांध. भिंगावर भंडारा बसला तर कापडानं पुसू नकोस, ओरखडे उठतात. रबरी फुंकणीनं उडव.

हे सगळं वडिलांना वाचून दाखव. कदाचित तेच म्हणतील, ‘घे बाबा कॅमेरा’.

प्रश्न : फोटो ही मुळात देहाची हौस आहे. साधुसंतांना फोटो लागत नाहीत. तुम्ही उगाच धंद्याला अध्यात्माचा मुलामा देता. (एक ज्येष्ठ वाचक, टिळकवाडी)

उत्तर : काका, आपल्याच गावची गोष्ट सांगतो. 1892 च्या ऑक्टोबरात एक बंगाली संन्यासी बेळगावात आला. आधी भाटे वकिलांकडे उतरला, मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे. हरिपदबाबूंनी फोटोसाठी फार आग्रह धरला. संन्यासी आधी तयार नव्हता, शेवटी तयार झाला. एस. महादेव अँड सन या बेळगावच्या स्टुडिओनं तो फोटो काढला. पुढच्या सप्टेंबरात शिकागोच्या धर्मपरिषदेत बोलल्यावर त्याचं नाव, विवेकानंद, जगभर झालं. हौस संन्याशाची नव्हती, हे तुमचं म्हणणं इथे खरंच ठरतं. हौस हरिपदबाबूंची होती. पण हरिपदबाबूंनी ती दाबून टाकली असती तर त्या दिवसांतला, अजून कुणालाच ठाऊक नसलेला तो चेहरा आपण बघितला नसता. कुणाच्या तरी चेहऱ्यात काहीतरी आहे हे ओळखून ‘जरा उभे राहा’ म्हणायचं, याला मी हौस म्हणत नाही. भक्ती म्हटलंत तर हरकत नाही.

आणि मुलाम्याचं म्हणाल, तर एकदा किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चला. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या मंत्र्यानं 1204 मध्ये ती बांधवली. मंडपाच्या छताला दगडी कमळ उलटं लोंबतं, पाकळ्यांवर पाकळ्या. लोक आत येतात, फोन वर धरतात, मान दुखते, कमळ तिरकं येतं, निघून जातात. तिथल्या पुजाऱ्यांना विचारायचं, हो म्हणाले तर फोन जमिनीवर उताणा ठेवायचा. बरोबर कमळाच्या खाली. पुढचा कॅमेरा चालू, टायमर दहा सेकंदांचा, आणि आपण बाजूला व्हायचं. कमळ नेमकं मधोमध येतं. मजा पुढे आहे. फोनची जागा नक्की करायला तुम्हाला गुडघे टेकून, कपाळ जवळजवळ फरशीला लावून बघावं लागतं. बघणाऱ्याला वाटतं, काका दंडवत घालतायत. तुम्ही काय घालत होतात ते तुमचं तुम्ही ठरवा. किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे आहे, तिथे मात्र पाट्या वाचूनच कॅमेरा काढा. तिथे भक्ती वगैरे सांगून चालत नाही.

प्रश्न : माझ्या फोनमध्ये बारा हजार फोटो साठलेत. नातवंडं, रांगोळ्या, देव, आकाश, सगळं एकात एक. फोन चालेनासा झालाय. पुसायला हात धजत नाही. काय करू? (एक गृहिणी, अथणी)

उत्तर : वहिनी, एकादशी करता ना? मग त्या दिवशी पोटाबरोबर फोनलाही उपास घाला. एकादशीला नवा फोटो काढायचा नाही, जुने बघायचे. एका बैठकीत एकाच महिन्याचे घ्या. एकाच रांगोळीचे दहा असतील तर एक ठेवा. आकाशाचे सगळे बघा, कारण कुठला ठेवायचा हे ठरवताना तुम्हाला तो दिवस आठवेल. ‘गुड मॉर्निंग’वाले फोटो न बघताही पुसले तरी पाप लागत नाही. पुसायला धजत नाही म्हणता, पण तुम्ही रांगोळी काढता. रोज सकाळी कालची रांगोळी पुसूनच आजची काढता ना?

महिन्याला एक निवडून गावातल्या स्टुडिओत प्रिंट काढा. मागे तारीख आणि माणसांची नावं लिहा. बॉलपेनानं दाबून लिहू नका, पुढून वळ उठतात. नातवंडांची नावं तर नक्कीच लिहा. आमच्याकडे जुने फोटो दुरुस्तीला यायचे तेव्हा घरच्यांनाच विचारावं लागायचं की हे बाळ कोण, आणि दोन भावांत भांडण लागायचं.

पुढच्या अंकात पावसाळ्यात कॅमेऱ्याला लागणारी बुरशी आणि लग्नाच्या अल्बमांबद्दल लिहीन, त्यात वरच्या गृहस्थांनाही उत्तर मिळेल. प्रश्न पोस्टकार्डावर पाठवलेत तरी चालेल. फोटो पाठवणार असाल तर एकच पाठवा, निवडून. पेन ड्राइव्ह पाठवू नका. मागच्या महिन्यात आलेला एक लाल पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर पडून आहे. त्यात कुणाच्या तरी म्हशीचे फोटो आहेत. म्हैस चांगली आहे. ज्यांची असेल त्यांनी कळवावं.